अर्जुन अप्पादुराई: पाच 'स्केप'च्या पुढे काय? (मोजणी, वस्ती आणि मुंबई)

टिपणवही

मुंबई, स्थलांतर, झोपडपट्टी यांवरचा समाजशास्त्राचा किंवा मानवशास्त्राचा कुठलाही प्रबंध उघडा. मानवशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराईंचं नाव त्यात असतंच, आणि दहापैकी नऊ वेळा ते एकाच कारणासाठी असतं: १९९०चा 'डिसजंक्चर अँड डिफरन्स' हा लेख आणि त्यातले पाच शब्द, एथ्नोस्केप, मीडियास्केप, टेक्नोस्केप, फायनान्सस्केप, आयडियोस्केप (म्हणजे माणसं, चित्रं, तंत्र, पैसा आणि विचार यांचे जगभर वाहणारे प्रवाह). प्रकरण दोनमध्ये त्यांच्या व्याख्या येतात आणि पुढे दोनशे पानांत त्यांचा पत्ता नसतो.

माझं म्हणणं असं, की शहराच्या अभ्यासावर या माणसाचा खरा ठसा दुसरीकडे आहे. तो मोजणीत आहे. कोण कोणाला मोजतं, कशासाठी मोजतं, आणि मोजला गेलेला माणूस त्या आकड्याचं काय करतो, हे प्रश्न त्यांच्या कामात सलग सापडतात.

क्रम बघा. जन्म मुंबईचा, १९४९चा. एल्फिन्स्टन कॉलेज, मग अमेरिकेत ब्रँडाइस, मग शिकागोला १९७६मध्ये पीएचडी. पहिलं पुस्तक १९८१चं. ते चेन्नईतल्या ट्रिप्लिकेनच्या पार्थसारथी मंदिरावर आहे आणि इंग्रजी अमलात देवळाचे मान, हक्क, वाद कोर्टात गेल्यावर त्यांचं काय झालं ते सांगतं. १९८६ला 'द सोशल लाइफ ऑफ थिंग्ज'चं संपादन. १९८८ला कॅरल ब्रेकनरिज यांच्यासोबत 'पब्लिक कल्चर' हे नियतकालिक. १९९३ला 'नंबर इन द कलोनियल इमॅजिनेशन' हा निबंध, जो पुढे १९९६च्या 'मॉडर्निटी ॲट लार्ज'मध्ये सहावं प्रकरण झाला. ब्रिटिशांनी आधी जमीन मोजली, मग माणसं, आणि मोजता मोजता आकडा ही राज्य करण्याची सवय झाली, असा त्याचा गाभा. जात, धर्म हे शिरगणतीच्या रकान्यात बसले आणि लोकही स्वतःला आकड्यातला गट म्हणून पाहू लागले.

मग २००१चा 'डीप डेमॉक्रसी'. इथे मोजणीचं हत्यार उलट्या हातात जातं. मुंबईचे फुटपाथवासी आणि झोपडीवासी स्वतःच स्वतःची गणती करतात आणि तो कागद घेऊन सरकारसमोर बसतात. २००६च्या 'फिअर ऑफ स्मॉल नंबर्स'मध्ये पुन्हा आकडाच: बहुसंख्याकांना अल्पसंख्याकांच्या लहानशा आकड्याची इतकी धास्ती का वाटते?

हे तीन लेखन एका दोऱ्यात ओवून वाचले तर पाच स्केपपेक्षा कितीतरी जास्त हाती लागतं. या चर्चेच्या धाग्यात तीन गोष्टींवर बोलूया: कोणत्या क्रमाने वाचावं, प्रत्यक्ष वस्तीत त्याचा वापर कसा करावा, आणि हा माणूस कुठे कमी पडतो.

---

खडूरेघ

मोजणीचा मुद्दा शंभर टक्के पटला. पण 'डीप डेमॉक्रसी' वाचणाऱ्या बहुतेकांना स्वगणती म्हणजे नेमकं काय करतात हेच ठाऊक नसतं. त्यामुळे 'खालून आलेली शासकीयता' (मोजणी-नोंदीतून कारभार करण्याची सरकारी रीत लोकांनीच चालवणं) वगैरे मोठे शब्द हवेत राहतात. म्हणून आधी पार्श्वभूमी आणि मग पद्धत.

अप्पादुराई ज्या आघाडीबद्दल लिहितात तिच्यात तिघं आहेत. नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन, १९७४पासून, जोकिन अर्पुथम यांचं. स्पार्क ही १९८४ची स्वयंसेवी संस्था. आणि महिला मिलन, भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांची बचत संघटना, १९८६ची. १९८५ साली स्पार्कने सुमारे ६ हजार फुटपाथवासी कुटुंबांची, म्हणजे साधारण २७ हजार माणसांची गणती केली. त्याच वर्षी जुलैमध्ये ऑल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. फुटपाथवरच्या माणसाचा उपजीविकेचा हक्क कोर्टाने मानला, पण नोटीस देऊन हटवण्याचा पालिकेचा अधिकारही कायम ठेवला. हटवायचं तर कोणाला, किती, कुठून आलेले, याची यादी पालिकेकडे नव्हती. ती या लोकांच्या हातात होती. अप्पादुराईंचा सगळा युक्तिवाद या एका फरकावर उभा आहे.

आता पद्धत. वस्तीत स्वगणती साधारण अशी होते:

१. हद्दफेरी. वस्तीतली चार-पाच जाणती माणसं घेऊन कडेने चालायचं. नळ, संडास, गटार, देऊळ, मशीद, विजेचा खांब, रेशन दुकान या खुणा कच्च्या नकाशावर टाकायच्या. मोजपट्टी नसली तरी चालतं, पावलं मोजा.

२. नियम आधी ठरवायचा: 'घर' म्हणजे काय? एक दार म्हणजे एक बांधकाम, एक चूल म्हणजे एक कुटुंब. हे दोन रकाने वेगळे ठेवायचे. इथे घोळ झाला की पुढचं सगळं फुकट. खाली सासू-सासरे आणि पोटमाळ्यावर धाकटा मुलगा वेगळी चूल मांडून राहत असेल तर दार एक, कुटुंबं दोन.

३. क्रमांक. दाराच्या चौकटीवर डाव्या बाजूला, गल्लीच्या एका टोकाने आत जाऊन दुसऱ्या बाजूने बाहेर. पहिल्या दिवशी खडूने, पडताळणी झाल्यावर ऑइल पेंटने. मधलं घर सुटलेलं सापडलं तर ४७/अ द्यायचं, पुढचे सगळे आकडे बदलायचे नाहीत.

४. फॉर्म एका पानाचा. घरातल्या बाईचं नाव आधी. माणसं किती, कोणत्या साली आले, कुठून, काम काय, पाणी कुठून, संडास कुठे, पुरावा कोणता. दोन पानी फॉर्म झाला की दुसरं पान निम्म्या घरांत कोरं येतं.

५. बंद घर. तीन वेळा जायचं: एकदा सकाळी, एकदा रात्री नऊनंतर, एकदा रविवारी. धुणीभांडी करणाऱ्या बायका आणि रात्रपाळीवाले एकाच वेळी कधी भेटत नाहीत.

६. यादी भिंतीवर. आठ दिवस लावून ठेवायची आणि दोन संध्याकाळी मोठ्याने वाचून दाखवायची, कारण वाचता न येणारे बरेच असतात. हरकती तिथेच, सगळ्यांसमोर.

७. एक प्रत वस्तीत राहते. ही पायरी वगळली तर ती स्वगणती उरत नाही, नेहमीचा सर्व्हे होतो.

काय बिघडतं? पहिलं, पोटभाडेकरू. मालक त्याला 'पाहुणा' सांगतो, कारण उद्या घर मिळणार ते मालकाला. दुसरं, मोजणी सुरू झाली की रातोरात बांबू-ताडपत्रीची नवी दारं उगवतात. म्हणून हद्दफेरी आणि क्रमांक शक्यतो एकाच दिवसात उरकावेत. तिसरं, अफवा. 'हे बिल्डरचे लोक' असं एकदा पसरलं की दोन गल्ल्या बंद. यावर उपाय एकच, गणती करणारी माणसं त्याच किंवा शेजारच्या वस्तीतली हवीत.

---

नकाशावाली

खडूरेघ, फार नेमकं लिहिलंत. सातव्या पायरीबद्दल पुढे बोलायचंच आहे. आधी वाचनाच्या क्रमाविषयी.

'मॉडर्निटी ॲट लार्ज' पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. सुरुवात २०००च्या 'स्पेक्ट्रल हाउसिंग'ने करा. मुंबई डोळ्यासमोर असलेल्या मराठी वाचकाला तो लगेच भिडतो. पागडी, १९४७चा भाडेनियंत्रण कायदा, चाळ, फुटपाथवरची झोपायची जागा, कुलूपबंद फ्लॅट आणि त्यांच्याभोवतीच्या अफवा, आणि या सगळ्यातून १९९२-९३च्या दंगलींपर्यंत जाणारी वाट. ज्या शहरात जागा इतकी कमी आणि घराची कल्पना इतकी मोठी, तिथे 'यांना हटवलं की जागा होईल' ही भाषा कशी रुजते, हे तो दाखवतो. त्यानंतर 'डीप डेमॉक्रसी'. मग 'नंबर...' हा निबंध. मग २००४चा 'द कपॅसिटी टू ॲस्पायर'. आणि शेवटी 'मॉडर्निटी'चं नववं प्रकरण, 'प्रॉडक्शन ऑफ लोकॅलिटी'. पाच स्केपचं दुसरं प्रकरण यानंतर वाचलंत तर ते पाच डबे आहेत असं वाटणार नाही.

कारण खरी चूक तिथेच होते. लोक पाच रकाने करतात आणि माहिती त्यांत भरतात. लेखाचं नाव 'डिसजंक्चर' आहे, म्हणजे सांधा न जुळणं. माणसं, पैसा, चित्रं, तंत्र, विचार वेगवेगळ्या वेगाने सरकतात आणि त्यांची फट पडते. अभ्यास त्या फटीचा करायचा.

व्यवहारात असं करा. एक गल्ली किंवा एक गाव घ्या. आडव्या रेषेवर वर्षं, उभ्यात पाच ओळी. रत्नागिरीतलं आखातात माणसं पाठवणारं गाव धरा. पहिला माणूस कधी गेला, पहिला पैसा घरात कधी दिसला (स्लॅबचं घर कोणत्या साली), केबल कधी आली, मोबाइल कधी, आणि 'मुलगी शिकली पाहिजे' किंवा 'आपली मशीद पक्की हवी' ही भाषा कधीपासून. खुणा केल्या की त्या एकाखाली एक येत नाहीत हे कागदावर दिसतं. पैसा आधी आणि कल्पना वीस वर्षांनी, किंवा उलट. त्या अंतरावर प्रश्न विचारा. प्रत्येक खुणेला दोन स्वतंत्र माणसांची साक्ष घ्या. लोक वर्ष चुकतात, पण 'किल्लारीच्या भूकंपाआधी', 'सव्वीस जुलैच्या पुरानंतर' हे सहसा चुकत नाहीत.

नवव्या प्रकरणातला मुद्दा मला सगळ्यात कामाचा वाटतो. वस्तीपण आपोआप असत नाही, ते राबून टिकवावं लागतं: नावं देऊन, हद्दी आखून, सणवार करून. मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतीत हे बघायचं तर सोसायटीच्या ऑफिसात बसू नका. जिन्याच्या चौथऱ्यावर कोण बसतं, गणपतीची वर्गणी इमारतीनुसार गोळा होते की जुन्या वस्तीनुसार, हळदीकुंकवाचं बोलावणं किती मजले चढतं, हे टिपा. आधी एका पातळीवर असलेली गल्ली २२५ चौरस फुटांच्या खोल्यांत उभी रचली जाते, तेव्हा ओटा जातो. वस्तीपण निर्माण करण्याची अर्धी कामं त्या ओट्यावर व्हायची.

---

सातबारा

एक गोष्ट राहतेय. अप्पादुराईंनी पुणे जिल्ह्यातल्या एका गावातही काम केलं आहे, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. त्यातून विहिरींच्या भागीदारीवर आणि शेतकऱ्यांच्या मोजमापाच्या भाषेवर लेख निघाले. मराठी वाचकांनी ते आवर्जून शोधावेत, कारण शहरातल्या मोजणीचं मूळ मला तिथे दिसतं.

मोजमापाच्या लेखाचा मुद्दा असा, की गावातली मापं व्यवहारात मुरलेली असतात आणि सर्वेक्षकाला हवी ती काटेकोर असतात. 'किती पिकलं?' याला उत्तर कामाच्या संदर्भात येतं, किलोत नाही. त्याला अडाणीपणा किंवा लपवाछपवी समजू नये.

वस्तीतही हेच होतं. 'घर किती चौरस फूट?' विचारलं तर माणूस गप्प होतो. 'दहा बाय बारा की दहा बाय पंधरा?' विचारलं की पटकन सांगतो. पाण्याचंही तसंच. लिटर विचारू नका. हंडे, पस्तीस लिटरचे कॅन, पिंप यांत विचारा आणि त्या घरातला हंडा एकदा तुमच्या लिटरच्या मापाने भरून बघा, कारण हंडाही सगळीकडे सारखा नसतो. फॉर्मवर दोन्ही लिहा: त्यांनी सांगितलेलं माप आणि तुम्ही केलेलं रूपांतर. फक्त लिटर लिहिलंत तर नंतर चूक कुठे झाली ते सापडत नाही.

आणि एक तक्रार मनापासून मांडतो. आपल्याकडचे विद्यार्थी शिकागोचा हवाला देतात आणि पुण्याचं काम विसरतात. धनंजयराव गाडगीळांनी गोखले इन्स्टिट्यूटमधून पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तिचा पहिला भाग १९४५चा. इरावती कर्व्यांनी फलटण या वाढत्या शहराचा आणि आसपासच्या भागाचा अभ्यास १९६५ला प्रसिद्ध केला, कोयना धरणाने उठलेल्या लोकांची पाहणी १९६९ला. विस्थापितांची घरोघर जाऊन केलेली मोजणी मराठी मुलखात अप्पादुराईंच्या आधीपासून आहे. फरक इतकाच की तिथे मोजणारा विद्यापीठाचा होता. प्रबंधात या दोन परंपरा शेजारी ठेवल्या तरच अप्पादुराईंनी नवं काय आणलं हे नीट दिसेल.

---

पाणवठा

आता दुसरी बाजू, कारण धाग्यात कौतुकच जास्त होतंय.

पहिला आक्षेप प्रवाहाच्या भाषेवर. ॲना त्सिंग यांनी २०००च्या 'द ग्लोबल सिच्युएशन' लेखात तो नीट मांडलाय. प्रवाह प्रवाह म्हणत राहिलं की वाहणारं पाणी दिसतं, पाट कोणी खणला ते दिसत नाही. मुंबईत हे शब्दशः खरं आहे. लिसा ब्यॉर्कमन (२०१५) आणि निखिल आनंद (२०१७) यांची मुंबईच्या पाण्यावरची पुस्तकं वाचा. तिथे झडप फिरवणारा चावीवाला, वॉर्डातला इंजिनीअर, प्लंबर, नगरसेवक, कुठल्या रस्त्याखाली कुठली लाईन आहे याची अर्धवट माहिती, हे सगळं शहर चालवताना दिसतं. अप्पादुराईंच्या मुंबईत पाइप जवळजवळ नाहीतच.

दुसरा आक्षेप मोठा. अनन्या रॉय यांचा २००९चा लेख स्पार्कचं मुंबईतलं काम आणि बैरुतमधलं हिजबुल्लाचं काम शेजारी ठेवतो. स्वतःची गणती करणारे लोक स्वतःला शिस्तही लावतात. रेल्वेकडेच्या वस्त्या मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पासाठी उठल्या तेव्हा गणती, गट पाडणं, हलवणं यात संस्थाच पुढे होत्या. काम शांतपणे पार पडलं, हे खरं. पण विरोध करण्याची जागा त्या शांततेत किती उरली? अप्पादुराई याला 'संयमाचं राजकारण' म्हणतात. संयम कोणाच्या वाट्याला आला आणि रूळ कोणासाठी मोकळे झाले, हा प्रश्न त्यांच्या लेखात पुरेसा येत नाही. लेखात त्यांची बाजू उघड आहे. तो प्रामाणिकपणा मला आवडतो, पण त्यामुळे त्यातलं वर्णन पुरावा म्हणून जसंच्या तसं उचलू नये.

तिसरं, जात. 'स्पेक्ट्रल हाउसिंग'चं लक्ष मुसलमानांना शहरातून पुसण्यावर आहे आणि ते हवंच. पण मुंबईत कोणाला कुठे खोली मिळते याचा हिशोब जातीशिवाय पुरा होत नाही. बीडीडी चाळी घ्या, माटुंगा लेबर कॅम्प घ्या. हे काम दुसऱ्यांकडून घ्यावं लागेल.

---

खडूरेघ

पाणवठा, दुसरा आक्षेप मान्य. एक भर. अप्पादुराई स्वतःच सांगतात की ही स्वतःवर चालवलेली शासकीयता आहे, म्हणजे धोका त्यांना दिसतो. ते तो स्वीकारतात, कारण त्यांच्या मते ज्याची नोंदच नाही तो आधी हरतो.

यात फरक करायला एक साधी कसोटी आहे: यादी शेवटी कोणाकडे राहते आणि कोण बदलू शकतो. झोपडपट्टी पुनर्वसनात 'परिशिष्ट दोन' नावाची पात्रतेची यादी असते. ती सक्षम प्राधिकारी काढतो. वस्तीतली जुनी स्वगणती आणि परिशिष्ट दोन शेजारी ठेवून ओळ ओळ जुळवा. जी नावं पहिल्यात आहेत आणि दुसऱ्यात 'अपात्र' किंवा गायब, त्यांची कारणं लिहा: पुरावा पात्रतेच्या तारखेनंतरचा, नावात फरक, घर विकत घेतलेलं पण हस्तांतरण नाही, पोटमाळ्यावरचं कुटुंब. अशी कारणांची यादी हीच प्रबंधाची मुख्य सामग्री ठरू शकते. योजनेला लागणाऱ्या झोपडीधारकांच्या संमतीचं प्रमाण आधी ७० टक्के होतं, नंतर ५१ वर आलं. तेव्हा कोणती योजना कोणत्या नियमाखाली होती ते तारखेसह लिहा, नाहीतर तुलना चुकते.

नावातला फरक हलक्यात घेऊ नका. रेशनकार्डावर 'शेवंताबाई', मतदारयादीत 'शेवंता', आधारवर माहेरचं आडनाव. तीन कागद, तीन बायका.

---

टिपणवही

'संयमाचं राजकारण' नुसतं थांबणं नव्हे, हे समजायला 'डीप डेमॉक्रसी'तला संडास मेळ्याचा भाग नीट वाचावा. संडासाचे खरे नमुने उभारून अधिकाऱ्यांना, बँकवाल्यांना, परदेशी पाहुण्यांना ते दाखवायचे, उद्घाटन करायचं. जी गोष्ट शरमेची, तीच पाहणीची आणि चर्चेची करायची. आधी करून दाखवायचं, मग तो दाखला धरून धोरण मागायचं.

पुण्यात १९९९ ते २००१ या काळात पालिकेने संस्थांमार्फत ४००हून अधिक सार्वजनिक संडास बांधून घेतले, त्यामागे या पद्धतीचा हात होता. वैशिष्ट्यं: बायकांची रांग वेगळी, मुलांसाठी लहान बैठका, राखणदाराच्या कुटुंबाला तिथेच खोली. मुलांच्या बैठकीचं कारण अगदी व्यवहारी आहे. मोठ्यांच्या रांगेत मुलाला मागे ढकलतात, भोक मोठं असल्याने त्याला पडायची भीती वाटते, मग ते गटारावर बसतं.

या संडासांचा अभ्यास करणाऱ्यांनी आकडा नुसता बैठकींचा देऊ नये. ५० माणसांमागे एक बैठक हे माप कागदावर बसतं, पण चालू बैठकी किती, पाण्याची जोडणी आहे का, वीजबिल कोणाच्या नावावर, मैलाटाकी शेवटची कधी उपसली, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

---

पणतीखाली

'कपॅसिटी टू ॲस्पायर'बद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. मानवशास्त्राच्या बाहेर अप्पादुराई पोचले ते बरेचसे या लेखामुळे. तो २००४मध्ये विजयेंद्र राव आणि मायकल वॉल्टन यांनी संपादित केलेल्या 'कल्चर अँड पब्लिक ॲक्शन'मध्ये आला. देबराज रे यांनी २००६ला तोच धागा अर्थशास्त्रात नेला: माणूस कोणाकडे बघून आपली इच्छा ठरवतो, आणि इच्छा व आजची स्थिती यांतलं अंतर फार झालं किंवा फार कमी असलं तर तो प्रयत्नच कसा सोडतो.

लेखाचा गाभा असा. गरिबाला इच्छा कमी नसतात. त्याच्याकडे वाटेचा नकाशा विरळ असतो. सुखवस्तू माणसाने अनेक वाटा चालून पाहिलेल्या असतात, चुकून परतलेला असतो, म्हणून त्याचा नकाशा दाट होतो. इच्छा धरणं ही सरावाने वाढणारी क्षमता आहे.

बहुतेक विद्यार्थी मुलाखतीत विचारतात, 'तुमची स्वप्नं काय?' उत्तर ठरलेलं: 'पोरांनी शिकावं, स्वतःचं घर व्हावं.' शंभर मुलाखतींत शंभर वेळा. त्यातून काही मोजता येत नाही. त्याऐवजी एक ठोस इच्छा घ्या आणि तिच्या पायऱ्या विचारा.

उदाहरणार्थ, 'मुलीला नर्सिंगला घालायचंय.' मग पुढे: कोणतं कॉलेज? फॉर्म कुठे मिळतो? कोणते दाखले लागतात? कोणाला विचारलंत? ओबीसी कुटुंब असेल तर जातीचा दाखला, जात वैधता, तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला, त्यावर नॉन-क्रीमीलेयर, शिवाय अधिवास. प्रत्येक पायरीसमोर तीन खुणा: माहीत आहे का, करून पाहिलं का, कुठे अडलं. एका इच्छेचे सात-आठ थांबे होतात. मग दोन घरांची तुलना करता येते: एकाला सातपैकी दोन थांबे ठाऊक, दुसऱ्याला सहा. इच्छा दोघांची तीच.

अडण्याच्या जागा बघितल्या की मोजणीचा धागा पुन्हा हाताला लागतो. जातीच्या दाखल्याला ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१पूर्वीचा. बीडहून गोवंडीला आलेल्या घरात आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला कुठून आणायचा? आजोबा शाळेतच गेले नव्हते. आणि त्याच घराला पुनर्वसनात मोफत खोली हवी तर मुंबईत २०००च्या आधी आल्याचा पुरावा हवा. एका कागदासाठी ते गावचे असल्याचं सिद्ध करायचं आणि दुसऱ्यासाठी शहराचे.

---

नकाशावाली

पणतीखाली, शेवटचं वाक्य प्रबंधाचं शीर्षक व्हावं असं आहे. थांब्यांची पद्धत वापरताना एक काळजी: थांबे आपण ठरवून यादी पुढे करायची नाही. आधी बाईला तिच्या शब्दांत वाट सांगू द्या, मग आपली यादी जुळवा. कधी कधी तिच्या नकाशात आपल्याला ठाऊक नसलेला थांबा असतो. नर्सिंगच्या वाटेवर 'आधी नर्सिंग होममध्ये आयाबाई म्हणून लावू' हा थांबा अगदी नेहमीचा आहे आणि तो कुठल्याही माहितीपुस्तिकेत नाही.

शब्दांबद्दलही ठरवूया. 'कपॅसिटी टू ॲस्पायर'ला 'आकांक्षा-क्षमता' हा शब्द दिसतो. मला जड वाटतो. 'लोकॅलिटी'ला मी वर 'वस्तीपण' वापरला. 'स्थानिकता' म्हटलं की आपल्याकडे लगेच भूमिपुत्राचा वाद आठवतो आणि अर्थ भलतीकडे जातो.

---

टिपणवही

'वस्तीपण' चांगलाच आहे. 'ॲस्पायर'साठी 'पुढचं पाहण्याची ताकद' वापरावं का? शास्त्रीय वाटत नाही, पण मुलाखतीत हाच शब्द समजतो.

एक विषय राहिला, संशोधनाचा हक्क. २००६च्या 'द राइट टू रिसर्च' या लेखात ते म्हणतात की आपल्याला हवं असलेलं ज्ञान पद्धतशीर वाढवता येणं ही विद्यापीठाची मक्तेदारी असू नये, तो नागरिकाचा हक्क असावा. मुंबईतली 'पुकार' ही त्यांनी सुरू केलेली संस्था याच विचारावर चालते. २००५पासून तिथे युवा फेलोशिप आहे: मुलामुलींचा गट वर्षभर आपल्याच परिसरातला, आपणच निवडलेला प्रश्न अभ्यासतो. पदवीची अट नाही. मला विचाराल तर अप्पादुराईंच्या प्रभावाची मोजदाद उद्धरणांत करण्यापेक्षा इथे करावी.

---

सातबारा

ते मान्य, पण त्यातही बिघडतं. गटाचा प्रश्न फार मोठा निवडला जातो. 'आमच्या वस्तीतली बेरोजगारी' हा वर्षात न उरकणारा प्रश्न आहे. 'आमच्या गल्लीतल्या बारावी झालेल्या वीस जणांनी गेल्या सहा महिन्यांत काम कुठे कुठे मागितलं' हा उरकतो. दुसरं, स्वतःच्या गल्लीत सगळं ठाऊक आहे असं वाटून टिपणं काढली जात नाहीत. उपाय: पहिला महिना शेजारच्या गल्लीत काम, मग स्वतःच्या.

---

पाणवठा

खडूरेघ, तुमच्या सातव्या पायरीवर एक व्यवहारी प्रश्न. वस्तीतली प्रत कोणाकडे ठेवायची? मंडळाच्या अध्यक्षाकडे दिली तर तो निवडणुकीत वापरतो, बिल्डरलाही दाखवू शकतो. आणि आता तर त्यात फोन नंबर, आधार असं सगळं असतं.

---

खडूरेघ

दोन प्रती करायच्या. एक उघडी: क्रमांक, बाईचं नाव, माणसं, आल्याचं साल. ही बचतगटाच्या दोन बायकांकडे, वेगवेगळ्या गल्ल्यांत, म्हणजे एक दबावाला बळी पडली तरी दुसरीकडची शाबूत राहते. दुसरी बंद: पुराव्यांचा तपशील. ती ज्या त्या घराची त्या त्या घरात, प्लास्टिकच्या पिशवीत, पत्र्याच्या पेटीत. आधारचा क्रमांक यादीत लिहायचाच नाही, फक्त 'आहे' किंवा 'नाही'. पावसाळ्याआधी दोन्ही बायकांनी एकदा बसून आपापल्या प्रती ओळीने जुळवायच्या आणि ४७/अ सारखी नवी दारं दोन्हीकडे एकाच दिवशी चढवायची.